पोर्ट १०११३ म्हणजे नेमका कुठला? नेटवर्कमधल्या वस्तूंची नावं, क्रमांक आणि ओळख

बेळगावात मुख्य कचेरी आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी इथं शाखा, अशी एखादी पतसंस्था डोळ्यासमोर आणा. सकाळी शाखा उघडायच्या वेळेला मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर एक ओळ उमटते: ‘१०.२०.४०.२, इंटरफेस १०११३ डाउन’. माणूस कुठं पाठवायचा? खानापूर दक्षिणेला, निपाणी उत्तरेला. चुकीच्या रस्त्याला लागला तर अर्धा दिवस गेला. आणि बरोबर शाखेत पोचला तरी चोवीस पोर्टांच्या स्विचवर (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या डब्यावर) १०११३ हा आकडा कुठंच छापलेला नसतो. स्विचनं बिघाड अगदी अचूक कळवला आहे. पण ज्या ओळखीनं कळवला, ती वाचणाऱ्याच्या उपयोगाची नाही.

एकाच स्विचला निदान चार ओळखी असतात. तो डबा म्हणून कोण, हे सीरियल नंबर सांगतो. तो कोणत्या जागी कोणतं काम करतो, हे आपण दिलेलं नाव सांगतं. त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हे आयपी पत्ता सांगतो. चौथी ओळख आपल्याला सहसा दिसत नाही: मॉनिटरिंग सॉफ्टवेअरनं आपल्या डेटाबेसमध्ये त्याला दिलेला आतला क्रमांक. या चारही ओळखी वेगवेगळ्या वेळी बदलतात. वळवाच्या पावसात वीज पडून डबा जळाला की सीरियल नंबर बदलतो, पण जागा आणि काम तेच राहतं. लाइन देणारी कंपनी बदलली की आयपी बदलतो, डबा तोच राहतो. एका ओळखीचं काम दुसरीच्या गळ्यात घातलं की घोळ सुरू होतो. सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे आयपी पत्त्यालाच नाव समजणं.

आत शिरण्याआधी एक सूचना. या लेखात सगळे आकडे आणि नावं देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना इंग्रजी आकडे आणि रोमन अक्षरंच वापरायची.

ओआयडी: झाडाच्या फांद्यांचा पत्ता

बहुतेक स्विच, राउटर, यूपीएस, प्रिंटर, ओएलटी (फायबरच्या जाळ्याचं कंपनीकडचं यंत्र) एसएनएमपी या, उपकरणांची विचारपूस करण्याच्या, प्रोटोकॉलनं माहिती देतात. विचारणा यूडीपी पोर्ट १६१ वर जाते, उपकरणानं आपणहून पाठवलेली सूचना, म्हणजे ट्रॅप, पोर्ट १६२ वर येते. पहिली आवृत्ती १९९० मध्ये प्रमाणित झाली, आणि ‘वस्तूला नाव कसं द्यायचं’ याचं उत्तर तेव्हापासून फारसं बदललेलं नाही: प्रत्येक मोजता येण्यासारख्या गोष्टीला आकड्यांची एक साखळी. तिला ओआयडी म्हणतात. कोणती साखळी म्हणजे काय, हे ज्या फायलीत लिहिलेलं असतं ती एमआयबी.

जमिनीच्या उताऱ्यावर जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा अशी उतरंड असते. सर्व्हे नंबर ४५ शेकडो गावांत असेल, तरी घोटाळा होत नाही, कारण वरची साखळी वेगळी आहे. आणि प्रत्येक पातळीवरचा अधिकारी फक्त आपल्या खालचे क्रमांक वाटतो. दुसऱ्या तालुक्यात काय चाललं आहे हे त्याला विचारावं लागत नाही. ओआयडीची रचना नेमकी हीच. १.३.६.१ पर्यंत आलं की आपण इंटरनेटच्या फांदीवर असतो. तिथून १.३.६.१.२.१ ही सर्वांना सामाईक असलेली प्रमाण फांदी, आणि १.३.६.१.४.१ ही खाजगी कंपन्यांची. या खाजगी फांदीवर आयएएनए ही संस्था अर्ज करणाऱ्याला एक क्रमांक देते, तोही फुकट. सिस्को ९, एचपी ११, हुआवे २०११, मायक्रोटिक १४९८८. त्याच्या खाली काय मांडायचं ते त्या कंपनीनं ठरवायचं.

याचा रोजचा उपयोग म्हणजे सिसऑब्जेक्टआयडी, १.३.६.१.२.१.१.२.०. नवं उपकरण सापडलं की मॉनिटरिंग पहिल्यांदा हेच विचारतं. उत्तर १.३.६.१.४.१.९ नं सुरू झालं तर सिस्को, पुढचे आकडे मॉडेल सांगतात, आणि त्यावरून टेम्प्लेट, म्हणजे काय काय मोजायचं याची तयार यादी, निवडलं जातं. स्वस्तातल्या काही उपकरणांत मात्र दुसऱ्याच कोणाचा तरी क्रमांक येतो, कारण आतलं सॉफ्टवेअर तयार घेतलेलं असतं. लिनक्सवर चालणाऱ्या डब्यात नेट-एसएनएमपीचा ८०७२ दिसला तर त्यावरून डबा कोणत्या कंपनीचा ते कळत नाही. फक्त आत कोणतं सॉफ्टवेअर आहे एवढंच कळतं.

शेवटचा शून्य

नवशिक्यांची पहिली ठेच इथं लागते. ओआयडीत दोन भाग असतात: कोणत्या प्रकारची गोष्ट, आणि त्या प्रकारातली नेमकी कोणती. उपकरणाचं नाव, म्हणजे सिसनेम, हा प्रकार १.३.६.१.२.१.१.५ असा आहे. पण उपकरणात नाव एकच असतं, म्हणून ‘नेमकी कोणती’च्या जागी ० लिहायचा: १.३.६.१.२.१.१.५.०. शून्य विसरलं की ‘नो सच इन्स्टन्स’ असं उत्तर येतं. ‘नो सच ऑब्जेक्ट’ आलं तर अर्थ वेगळा: तो प्रकारच या उपकरणाला माहीत नाही, किंवा तुमच्या कम्युनिटीला (विचारताना द्यायच्या सांकेतिक शब्दाला) तो बघायची परवानगी नाही. ही दोन उत्तरं नीट वाचली तर शोधाशोध निम्म्यावर येते.

एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तिथं शून्याऐवजी इंडेक्स येतो. पोर्ट चालू की बंद हे १.३.६.१.२.१.२.२.१.८ मध्ये, पुढं .१०११३ लावलं की त्या पोर्टाची स्थिती. उत्तर १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. इंडेक्स एकाच आकड्याचा असतो असंही नाही. एआरपीच्या तक्त्यात (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा, याच्या यादीत) इंटरफेसचा क्रमांक आणि त्यापुढं आयपीचे चार आकडे मिळून इंडेक्स होतो. नावावरून इंडेक्स असलेल्या तक्त्यात तर अक्षरांचे आस्की क्रमांक, म्हणजे संगणकात अक्षरांसाठी ठरलेले आकडे, येतात, बहुतेकदा आधी अक्षरांची संख्या लावून. म्हणून वॉक केल्यावर (सगळा तक्ता ओळीनं वाचल्यावर) शेवटी लांबलचक आकड्यांची शेपटी दिसली तर ती कचरा समजून कापू नका. वस्तूची ओळख त्या शेपटीतच असते.

‘पुढचं दे’ असं विचारत तक्ता वाचताना क्रम आकड्यांप्रमाणे लागतो: .२ आधी, .१० नंतर. हीच यादी एक्सेलमध्ये मजकूर म्हणून लावली की .१० आधी येतो. दोन याद्या शेजारी ठेवून जुळवताना ओळी सरकतात त्या यामुळेच. उपकरणांच्या नावातही क्रमांक ०१, ०२ असा दोन अंकी ठेवायचा तो यासाठीच.

एक मॅक पत्ता कोणत्या पोर्टावर आहे, हे शोधून बघू

तीन वेगवेगळे क्रमांक एकाच भोकाला कसे चिकटलेले असतात, ते या शोधात स्वच्छ दिसतं. समजा काउंटरवरचा एक संगणक सापडत नाही. त्याचा मॅक, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, ००:१ए:२बी:३सी:४डी:५ई आहे. आधी प्रत्येक जोडी षोडशमानातून (१६ च्या पायाच्या मोजणीतून) दशमानात आणा: ०.२६.४३.६०.७७.९४. हा झाला इंडेक्स. आता ब्रिज एमआयबीतल्या १.३.६.१.२.१.१७.४.३.१.२ पुढं तो लावून विचारा. उत्तर येतं १३.

हा १३ म्हणजे इंटरफेसचा क्रमांक नव्हे! तो ब्रिज पोर्ट क्रमांक आहे, स्विचच्या आतल्या ब्रिजचा (पोर्टांमध्ये पाकिटं वाटणाऱ्या भागाचा) हिशेब. इथंच बरेच जण थांबतात आणि इंटरफेस तक्त्यातली १३ नंबरची ओळ बघून भलताच पोर्ट बंद करतात. पुढची पायरी: १.३.६.१.२.१.१७.१.४.१.२.१३ विचारा. उत्तर १०११३, हा इफइंडेक्स, म्हणजे इंटरफेसचा क्रमांक. तिसरी पायरी: १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१.१०११३, म्हणजे इफनेम, इंटरफेसचं नाव. उत्तर ‘जीआय०/१३’, डब्यावर छापलेला तेरावा पोर्ट. सिस्को कॅटॅलिस्टच्या काही मालिकांत गिगाबिट पोर्टांची मोजणी १०१०१ पासून सुरू होते, म्हणून १३ चा १०११३ झाला. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर हेच गणित चालेल असं धरून चालू नका. प्रत्येक वेळी तक्त्यालाच विचारा.

व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगवेगळ्या नेटवर्कचे कप्पे) असतील तर आणखी एक अडथळा येतो. जुन्या सिस्को स्विचवर हा तक्ता व्हीलॅनप्रमाणे वेगळा असतो, आणि विचारताना कम्युनिटीपुढं @ आणि व्हीलॅन क्रमांक जोडावा लागतो. तसं केलं नाही तर फक्त व्हीलॅन १ चे पत्ते दिसतात आणि ‘संगणक नेटवर्कवर नाहीच’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. इतर बऱ्याच स्विचवर क्यू-ब्रिज तक्ता असतो, त्यात व्हीलॅन इंडेक्समध्येच येतो.

इफइंडेक्स बदलतो, आणि ग्राफ खोटे बोलायला लागतात

इफइंडेक्सबद्दल प्रमाणात दिलेली हमी फार मर्यादित आहे: उपकरण पुन्हा सुरू होईपर्यंत तो क्रमांक बदलणार नाही, एवढीच. रीस्टार्ट झाल्यावर, नवं कार्ड घातल्यावर, फर्मवेअर चढवल्यावर पोर्टांना नवे क्रमांक मिळू शकतात. काल २ म्हणजे बेळगाव-निपाणी लिंक होती, आज २ म्हणजे शाखेतला सीसीटीव्ही. मॉनिटरिंगनं ओळख म्हणून नुसता २ साठवला असेल तर निपाणीच्या ग्राफमध्ये आजपासून कॅमेऱ्याचा ट्रॅफिक भरत जातो. एरर येत नाही, अलार्म वाजत नाही. महिन्याभरानं लिंक वाढवायची का, हे ठरवायला कोणी तो ग्राफ उघडतं आणि चुकीच्या आकड्यांवर पैसे खर्च होतात. लाइन तुटली तर निदान लगेच कळतं. हा बिघाड कळतच नाही, म्हणून तो आम्हाला जास्त गंभीर वाटतो.

उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो. उपकरणाच्या टोकाला: सिस्कोत इफइंडेक्स कायम ठेवण्याची एक आज्ञा आहे, ती द्या आणि कॉन्फिग सेव्ह करा. सेव्ह करायचं राहिलं तर पुढच्या रीस्टार्टला ती आज्ञाच पुसली जाते. मॉनिटरिंगच्या टोकाला: पोर्ट कशावरून ओळखायचा ते बदला. लिब्रेएनएमएसमध्ये (हे, कॅक्टी आणि झॅबिक्स ही तिन्ही मॉनिटरिंगची सॉफ्टवेअर) पोर्ट जोडण्याची पद्धत मुळात इफइंडेक्सवर असते. ती उपकरणाप्रमाणे इफनेमवर नेता येते. कॅक्टीत री-इंडेक्सची (क्रमांक पुन्हा जुळवून घेण्याची) पद्धत निवडावी लागते, नाहीतर तो जुनाच क्रमांक धरून बसतो. झॅबिक्सच्या तयार टेम्प्लेटमध्ये आयटमच्या ‘की’मध्येच (मोजमापाच्या ओळखीच्या नावातच) एसएनएमपी इंडेक्स असतो. ज्या उपकरणांचे क्रमांक सरकतात त्यांच्यासाठी टेम्प्लेटची प्रत काढून ही ‘की’ इफनेमवर बेतलेली बरी.

घरोघरी फायबर देणाऱ्यांना हा त्रास वेगळ्या रूपात भेटतो. मायक्रोटिकवर ग्राहक पीपीपीओई नं (यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडायच्या पद्धतीनं) जोडला गेला की त्याच्यासाठी तात्पुरता इंटरफेस तयार होतो, आणि तुटून पुन्हा जोडला की नवा. क्रमांकावर भिस्त ठेवली तर लाइट जाऊन आली की शेकडो ‘नवे’ इंटरफेस डेटाबेसमध्ये शिरतात आणि जुने मेलेले दिसतात. त्या इंटरफेसच्या नावात मात्र ग्राहकाचं यूजरनेम असतं, ते बदलत नाही. ओळख तिथून घ्यायची.

जाता जाता, दिसायला एकच पण नावं दोन अशी एक जोडी लक्षात ठेवा. आत आलेल्या बाइटचा जुना काउंटर ३२ बिटांचा आहे. १ जीबीपीएस भरून वाहत असेल तर तो सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी एकदा विचारलं तर मधे किती फेऱ्या झाल्या ते कळायचा मार्ग नाही. ६४ बिटांचा काउंटर १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ वर आहे. तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत वाचता येत नाही, निदान दुसरी लागते. गिगाबिट लिंकचा ग्राफ संशयास्पद कमी दिसला तर आधी हे तपासा.

ओएनयू: एकच सीरियल, दोन रूपं

जीपॉनमध्ये (एका फायबरवर अनेक घरं जोडायच्या पद्धतीत) ग्राहकाच्या घरातल्या डब्याची, म्हणजे ओएनयूची, खरी ओळख म्हणजे आठ बाइटांचा सीरियल: पहिले चार बाइट कंपनीची अक्षरं, पुढचे चार आकडा. हुआवेची अक्षरं एचडब्ल्यूटीसी. हीच अक्षरं षोडशमानात लिहिली की ४८५७५४४३ होतात. म्हणून डब्याच्या स्टिकरवर ४८५७५४४३ नं सुरू होणारे सोळा अंक आणि ओएलटीच्या स्क्रीनवर एचडब्ल्यूटीसीनं सुरू होणारी बारा अक्षरं, हा एकच डबा असतो. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये एक रूप आणि बिलिंगमध्ये दुसरं असेल तर तोच डबा स्टॉकमध्येही दिसतो आणि ग्राहकाकडेही. एक रूप ठरवा आणि साठवण्याआधी प्रत्येक नोंद त्या रूपात बदलून घ्या.

दुसरी गोष्ट ओएनयू आयडीची. ०/१/३ या पोर्टावरचा १७ नंबर हा ओएलटीनं दिलेला जागेचा क्रमांक आहे. एका जीपॉन पोर्टावर असे जास्तीत जास्त १२८ असतात. डबा काढून टाकून पुन्हा नोंदवला तर १७ ऐवजी दुसरा क्रमांक मिळू शकतो, आणि मोकळा झालेला १७ शेजारच्या गल्लीतल्या नव्या ग्राहकाला. ग्राहक क्रमांक थेट १७ ला बांधला असेल तर खानापुरातल्या माणसाच्या तक्रारीवर दुसऱ्याचीच ऑप्टिकल पॉवर तपासली जाते. डबा बदलताना जुनी नोंद पुसण्याऐवजी त्याच आयडीवर नवा सीरियल बसवायची सोय बहुतेक ओएलटीत असते. तीच वापरा.

आपण द्यायचं नाव

आपल्या भागात नावांचा प्रश्न जरा जास्तच टोचतो. खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही. शहापूर म्हणजे बेळगावचा पेठभाग, यादगीर जिल्ह्यातलं गाव, की ठाणे जिल्ह्यातलं? वडगाव तर विचारूच नका. सीमेच्या दोन्ही बाजूंना शाखा असलेल्या संस्थेत नुसतं ‘खानापूर स्विच’ हे नाव पुरेसं नाही. त्यातच १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचं इंग्रजी अधिकृत नाव बदललं; जुन्या उपकरणांवर जुनं स्पेलिंग, नव्यांवर नवं, आणि शोधताना अर्धीच यादी हाती लागते. म्हणून गावाचं स्पेलिंग नावात घालू नका, ठरलेला छोटा कोड घाला. रेल्वे स्थानकाचा कोड बीजीएम आहे, विमानतळाचा आयएक्सजी. यातला एक घ्या किंवा स्वतःचा करा. पण एकदा ठरला की पाटी बदलली तरी कोड बदलायचा नाही.

नावाचे तीन तुकडे पुरतात: ठिकाण, काम, क्रमांक. ‘बीजीएम-कोर-०१’, ‘एनआयपी-एएसडब्ल्यू-०२’ (कोर म्हणजे मधला मुख्य स्विच, एएसडब्ल्यू म्हणजे संगणक जोडायचा ॲक्सेस स्विच). नाव डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) जाणार, म्हणून फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ. अंडरस्कोर आणि मोकळी जागा नको. दोन टिंबांमधला एक तुकडा ६३ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, आणि लहान-मोठी लिपी डीएनएसला एकच, त्यामुळे सगळं लहान लिपीत ठेवलेलं बरं. नावात मॉडेल घालू नका: डबा बदलला की नाव खोटं ठरतं. आयपी, मजला, विभागप्रमुखाचं नाव, यातलंही काही नको. मजला आणि रॅक यांच्यासाठी उपकरणात सिसलोकेशन हा रकाना आहे, कोणाला फोन करायचा त्यासाठी सिसकॉन्टॅक्ट.

या रकान्यांत मराठी किंवा कन्नड मजकूर भरायचा मोह होतो. भरू नका. प्रमाणानुसार ते साधे आस्की अक्षरांचे रकाने आहेत. देवनागरी घातली की काही उपकरणं ती नाकारतात, काही मधेच तोडतात, आणि वाचताना षोडशमान आकड्यांची माळ हातात येते. झॅबिक्ससारख्या प्रणालीत तांत्रिक नाव आणि दिसणारं नाव वेगळं ठेवता येतं. दिसणाऱ्या नावात ‘निपाणी शाखा, पहिला मजला’ असं खुशाल मराठीत लिहा. रात्रपाळीच्या माणसाला ते एका नजरेत कळतं.

कारखान्यातून आलेलं नाव तसंच ठेवणं ही आळसातून होणारी चूक. मायक्रोटिकची आयडेंटिटी बदलली नाही तर सगळ्या राउटरचं सिसनेम एकच राहतं. लिब्रेएनएमएस अशा वेळी दुसरं उपकरण घ्यायलाच नकार देतं, कारण त्याच्या लेखी ते आधीच नोंदलेलं आहे. तिथं सेटिंग बदलून नकार बंद करता येतो, पण तो नकार योग्य आहे; नाव बदला.

पोर्टांची नावं मात्र इतक्या काटेकोर नियमांत बसवायची गरज नाही. त्यासाठी इफएलियस, म्हणजे पोर्टाचं आपण लिहायचं वर्णन, आहे, ६४ अक्षरांपर्यंत, आणि ते रीस्टार्टनंतरही टिकायला हवं असं प्रमाणच सांगतं. त्यात पलीकडच्या टोकाला काय आहे ते लिहा: समोरच्या उपकरणाचं नाव, त्याचा पोर्ट, आणि भाड्याची लाइन असेल तर सर्किट आयडी. लाइन देणाऱ्या कंपनीला फोन केल्यावर पहिला प्रश्न सर्किट आयडीचाच येतो, आणि तो ज्या कागदावर असतो तो त्या क्षणी कधीच सापडत नाही. सगळे पोर्ट भरायला वेळ नसेल तर आधी अपलिंक (पुढच्या मोठ्या उपकरणाकडे जाणारे पोर्ट) भरा.

ट्रॅप कोणाकडून आला?

लिंक पडल्याच्या ट्रॅपमध्ये इफइंडेक्स येतो, नाव येईलच असं नाही. उपकरण कोणतं हे मॉनिटरिंग बहुधा पाकीट ज्या आयपीवरून आलं त्यावरून ठरवतं. राउटरला चार इंटरफेस, चार पत्ते. ट्रॅप ज्या वाटेनं बाहेर पडला त्या इंटरफेसचा पत्ता घेऊन येतो. मुख्य लाइन पडली की ट्रॅप बॅकअप लाइनवरून, वेगळ्या पत्त्यानं येतो आणि ‘अनोळखी उपकरण’ म्हणून फेकला जातो. म्हणजे ज्या घटनेसाठी ट्रॅप लावला, नेमकी तीच घटना दिसत नाही! म्हणून लूपबॅक पत्ता (कुठल्याही एका लाइनवर अवलंबून नसलेला, राउटरचा स्वतःचा पत्ता) द्या आणि ट्रॅपचा उगम तोच ठेवा. मधे नॅट असेल तर तेवढ्यानं भागत नाही. सगळ्या शाखा एकाच पत्त्यामागं दिसतात. तिथं व्हीपीएन बोगदा किंवा शाखेतच एक प्रॉक्सी (तिथली माहिती गोळा करून पुढं पाठवणारा मध्यस्थ) लागते.

एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक ओळख येते: इंजिन आयडी, ५ ते ३२ बाइटांचा. पासवर्डपासून बनणारी किल्ली या आयडीशी बांधलेली असते. एका व्हर्च्युअल मशीनची प्रत काढून दोन सर्व्हर उभे केले की दोघांचा इंजिन आयडी एकच होऊ शकतो, आणि मॉनिटरिंगला कधी उत्तर मिळतं, कधी मिळत नाही. पासवर्ड बरोबर, पत्ता बरोबर, तरी अधूनमधून टाइमआउट येत असेल तर हे बघा.

जळालेला डबा बदलताना

नाव आणि आयपी जुनंच द्या, कारण जागा आणि काम तेच आहे. मॉनिटरिंगमधली नोंद पुसून नवी करू नका. पुसली की वर्षभराचा इतिहास गेला. मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये मात्र उलट: जुन्या सीरियलची नोंद बंद, नव्याची नवी ओळ. सीरियल हातानं उतरवण्यापेक्षा उपकरणालाच विचारा, १.३.६.१.२.१.४७.१.१.१.१.११ वर; बी आणि ८, ओ आणि ० यांची गल्लत टळते. एका डब्यात सुट्टी कार्डं असतील तर प्रत्येकाचा सीरियल वेगळा येतो, त्यामुळे मुख्य चौकटीची ओळ कोणती ते बघून घ्या.

तिसरी आवृत्ती वापरत असाल तर नव्या डब्याचा इंजिन आयडी बहुधा नवा असतो. कॉन्फिगची प्रत चढवली तरी यूजर पुन्हा तयार करावे लागू शकतात. झॅबिक्स जुना आयडी लक्षात ठेवून बसतो. त्याची एसएनएमपी कॅशे (साठवून ठेवलेली ही माहिती) रीलोड करण्याची आज्ञा आहे. मग स्विच एकदा मुद्दाम बंद करून चालू करा आणि इफनेम व इफइंडेक्सच्या जोड्या आधीच्या यादीशी ताडून बघा. शाखा उघडण्याआधी पाच मिनिटांचं काम आहे.

नव्या पद्धतीच्या उपकरणांत ही कटकट कमी होत चालली आहे. नेटकॉन्फ (उपकरणांशी बोलायचा नवा प्रोटोकॉल) आणि यांग (त्यातली माहिती मांडायची भाषा) या जोडीत इंटरफेसच्या यादीची किल्ली क्रमांक नसून नाव आहे. २०१८ च्या प्रमाणात इफइंडेक्स फक्त वाचण्यापुरता बाजूला ठेवलेला आहे. पण आपल्याकडच्या शाखांत, उद्यमबागेतल्या कारखान्यांत, शाळा-कॉलेजांत बसलेले स्विच अजून काही वर्षं एसएनएमपीच बोलणार आहेत.

जुन्या नेटवर्कची नावं बदलायची असतील तर एका दिवशी एकच शाखा घ्या. आधी डीएनएसमध्ये नवं नाव, पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या उलट्या नोंदीसकट. जुनं नाव काही दिवस टोपणनाव म्हणून राहू द्या. मग उपकरणावर सिसनेम बदला आणि सेव्ह करा. शेवटी मॉनिटरिंग. लिब्रेएनएमएस ग्राफच्या फायली होस्टनावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणून तिथं डेटाबेसमध्ये हात न घालता त्याचीच रीनेमची आज्ञा वापरायची. फायलीही त्याबरोबर हलतात. झॅबिक्समध्ये इतिहास आतल्या क्रमांकाला जोडलेला असतो, त्यामुळे नाव बदललं तरी ग्राफ तुटत नाही. फक्त सर्व्हरवर ॲक्टिव्ह पद्धतीचा, म्हणजे आपणहून माहिती पाठवणारा, एजंट असेल तर त्याच्या फायलीतलं होस्टनेमही त्याच वेळी बदला. दोन्हीकडचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं नाही, अगदी लहान-मोठ्या लिपीसकट, तर त्या एजंटची माहिती येणं थांबतं.